चाकामागची काड्यापेटी

सिद्धरामेश्वराची आण घिऊन सांगते, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय. खोटा निघाला तर माजी जीभ झडू दे.

चौऱ्याहत्तर साल आसंल. भवानी पेठेतल्या वच्छलाचा नवरा जाऊन वरीस झालेलं. त्याचा चादरींचे गठ्ठे वाहायचा टेम्पो दारात उभा हुता. दीर महिपती म्हणायचा, "वैनी, पांढऱ्या कपाळाच्या बाईला माल कोण दील? टेम्पो मला द्या, तुमी केमला ऱ्हावा."

केमला, म्हंजे गावाकडच्या घरात, चुलीमागचा कोपरा. तिथं चुलतसासू अठरा वर्सं बसलेली, घरातलं एक लगीन म्हणून तिच्या डोळ्याला पडलं न्हाई. वच्छलानं नवऱ्याच्या दोस्ताकडनं, महबूबकडनं, गाडी शिकून घेतली. भावकीनं ठरवलं, पयल्या झटक्यात लायसन मिळालं तर टेम्पो तिचा, न्हाईतर केम.

परीक्षेच्या दिवशी ती भायेर आली तर महिपती टेम्पो पुसत हुता. सकाळी हिचं तोंड दिसलं की चूळ भरून येणारा माणूस. किल्ली हातात दिऊन वर हसला. "सगळं तपासलंय. बिनघोर चला, मीबी येतो."

वच्छला मनात म्हणाली, ह्यो गोड कशापायी झाला? सात रस्त्यापतूर ती हॉर्न, ब्रेक, दिवे बघत ऱ्हायली. समदं बरं हुतं. तेनंच जास्त भ्या वाटलं.

तिथं परीक्षा घेणारं साहेब शेजारी बसले. रेल्वेपुलाचा चढ आला तसा महिपती मागनं उतरला. "मी चालत येतो."

चढाच्या मधोमध साहेब म्हणाले, "थांबा. हातब्रेक लावा. चाकामागं काड्यापेटी ठेवतो. चिरडली तर नापास."

तिनं दांडा वढला. खुंटीवरची रिकामी पिशवी उचलावी तसा हलकाच वर आला. कशालाच धरंना.

पायाचा ब्रेक तिनं तसाच दाबून धरला. "साहेब, काड्यापेटी ऱ्हाऊ द्या. गाडी भावजींनी तपासलीय. मागं तेच उभं ऱ्हातील."

"मी कशाला?" महिपती म्हणाला.

"तुमीच म्हणलाव की, बिनघोर."

"ऊन लई हाय," म्हणत त्यो कठड्याला सरकला.

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, मग उतरून, वाकून गाडीखाली बघितलं. हातब्रेकच्या तारेचा नट ढिला, त्यावर पान्याची ताजी खूण. "बाई, दुरुस्त करून उद्या या."

"उद्या दुसरं काई ढिलं हुईल. ठिवा तुमची काड्यापेटी."

 महबूब सांगायचा, "भाबी, क्लच आर्धा सोडा. गाडी थरथरली की समजा तिनं धरलं. मंगच ब्रेकचा पाय काढा." गाडी थरथरली. तिनं पाय काढला. टेम्पो केसभरबी मागं न येता वर चढला.

साहेबांनी काड्यापेटी उचलली आन् तिच्यातलीच काडी वढून बिडी पेटवली.

सांजच्याला ती टेम्पो घिऊन गल्लीत आली, तर सवाष्णी ताट घिऊन उभ्या. शेजारच्या दगडाबाईनं आधी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, मंग टेम्पोला.

बरं, आण घेतलीया म्हणून सांगते. ते कुंकवाचं तेवढं मी पदरचं घातलं. त्या सांजंला गल्लीतली समदी दारं लावलेली हुती. त्यात एक माजंबी हुतं.