नट आधी

एसी बसवण्यात तीस वर्षं घालवलेल्या मामाने तांब्याची नळी कापली, कड घासून गुळगुळीत केली आणि पितळी नट भाचीच्या हातात ठेवत बजावलं, “नट आधी नळीवर सरकवायचा, मगच नळीचं तोंड फुलवायचं. नंतर तो जात नाही, भले डोकं आपट. आणि माझं काम चालू असताना मध्ये बोलायचं नाही.”

मग त्याने नळीचं तोंड असं देखणं फुलवलं, की स्वतःवरच खूश झाला.

“याला म्हणतात हात! आण नट.”

भाचीने मूठ उघडली.

मामाचा चेहरा पडला. “अगं, सांगायचं नाहीस?”

“मध्ये बोलायचं नाही म्हणालास ना!”

मामाने ते देखणं तोंड कापून टाकलं.

“बोल आता.”

“नट,” भाची म्हणाली.