कावडीचे दगड

"अवो, अजून एक काढा," कावडीला टांगलेल्या पाटावर बसलेली तुळसा म्हणाली. "माझी बाजू वर जातंय."

नाथाने उचललेली कावड परत अंगणात टेकवली. मागच्या टोपलीतला एक दगड काढून कुडाशी ठेवला, बांबूखाली पुन्हा खांदा घातला आणि तोलून पाहिलं. आता बरोबर झालं. बारा दगडांवर सुरुवात झाली होती, आज आठ उरले होते. बायको किती झिजली ते सांगायला वेगळा तराजू नको होता. पण नाथा ती गोष्ट मनात येऊ देत नसे.

"दगडच जड असतील," तो म्हणाला. "खाडीचा दगड पानी पितो."

"थापा मारू नका," तुळसा हसली आणि हसता हसता खोकायला लागली.

चेंदरपाडा हे घोडबंदरच्या रस्त्याला लागून असलेलं आगऱ्यांचं गाव. सगळं गाव मिठागरात राबणारं. तिथून ठाणं सहा मैल. रस्त्यावरून भागीरथी मोटार सर्व्हिसची गाडी दिवसातून दोनदा ठाण्याला जायची, पण चेंदरपाड्याला थांबायची नाही. तिचा जवळचा थांबा चार मैलांवर, तोही ठाण्याच्या उलट दिशेला. म्हणजे ठाण्याला जायचं तर आधी चार मैल पाठ फिरवून चालायचं! ही अक्कल कुठल्या शहाण्याची होती देव जाणे. ज्याला कधी पायी जावं लागत नाही त्यालाच असले थांबे सुचतात. गावात एकुलती एक बैलगाडी होती, ती मिठागराच्या मालकाची. ती मिळाली असती तरी उपयोग नव्हता, कारण तुळसाला हिसके बसता कामा नयेत असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तुळसाला क्षय झाला होता. टेंभी नाक्याजवळच्या दवाखान्यात दर गुरुवारी तिच्या बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरत. डॉक्टरांनी नाथाला नीट समजावलं होतं, "फुप्फुसाला जखम आहे. बाजूला हवा भरून आम्ही ते दाबून ठेवतो, म्हणजे त्याला विसावा मिळतो आणि जखम भरते. पण एकही गुरुवार चुकवू नका. एक चुकला तर कधी निभावतं, कधी नाही. दोन आठवडे हवा गेली नाही तर आतली जागा बुजू शकते. मग सुई चालत नाही, आणि मग माझ्याही हातात काही राहत नाही."

नाथाने तेवढं ध्यानात ठेवलं. जन्मभर कावडीने मीठ वाहिलेला गडी तो. त्याने एका टोकाला चार दोर बांधून पाट टांगला, दुसऱ्या टोकाला दगडांची टोपली लावली, आणि दर गुरुवारी सहा मैल जायचं, सहा मैल यायचं असं सुरू केलं. त्याची चाल अशी की पाटावरच्या तांब्यातलं पाणी सांडू नये. सुरुवातीला लोक हसले. सहदेव मुकादम तर बांधावरून ओरडला, "श्रावणबाळानं आईबापाला नेलं, आमचा नाथा बायकोला नेतंय!"

"तुझ्या बायकोलापन नेली असती," नाथा म्हणाला, "पन तिच्यापायी एवढं दगड कुठून आनू?"

त्यानंतर कोणी हसलं नाही. तुळसाची मात्र एकच इच्छा होती. मोटार धूळ उडवत शेजारून गेली की ती मान वळवून बघत राही. "आतमदी बाकावर गादी असते म्हंत्यात," ती म्हणे. "एक डाव बसाया पायजे." आणि मग हळूच, "तुमचा खांदा सोलवटलाय, मना दिसतो."

खांद्याचं नाथाला काही नव्हतं. पण वल्ह्यासारखा धडधाकट माणूसही कधी आजारी पडतो, पायात काटा भरतो, पावसाळ्यात रस्त्यावर ओढा येतो. एखादा गुरुवार हुकला तर? या धास्तीने तो शाळेतल्या त्र्यंबक मास्तरांकडे गेला आणि मास्तरांनी कंपनीला अर्ज लिहिला. 'येथे आजारी माणसे, बाळंतिणी व वृद्ध यांस जाण्यायेण्याचे काही साधन नाही, तरी कृपा करून मोटार थांबवावी.' खाली सगळ्या गावाचे अंगठे. स्वराज्य येऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा अर्ज केला की उत्तर येतं अशी लोकांची समजूत होती.

आणि आलं की उत्तर! चार महिन्यांनी आलं, पण आलं. येत्या सोमवारी सकाळची गाडी चेंदरपाड्याला थांबेल, साहेब पाहणीला येतील, सोबतची पाटी लावायला गावाने खांबाची सोय करावी. मास्तरांनी पत्र देवळापुढे मोठ्याने वाचलं. नाथाच्या डोळ्यांना धार लागली.

"खांब मी देतंय," तो म्हणाला. आणि त्याने कावडीचा बांबू आणला.

त्याची आई आवडाबाई म्हणाली, "अरं, दुसरा बांबू बघ ना. कावड कशाला मोडतंस?"

"आये, आता ती कशाला लागतंय? मोटार येतंय!"

बांबू रस्त्याच्या कडेला हातभर खोल पुरला गेला. त्यावर पत्र्याची पाटी चढली. तुळसा दारात बसून बघत होती. दोर सोडवलेला पाट आणि दगडांची टोपली कोपऱ्यात गेली.

सोमवारची सकाळ कशी सांगावी? दिवाळीलाही गाव एवढं सजलं नव्हतं. रस्ता झाडून सडा घातला होता. बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली होती. आता चेंदरपाड्याची एक रीत अशी, की नवी होडी पहिल्यांदा पाण्यात घालतात त्या दिवशी तिच्यात कोणी पाय ठेवत नाही. तिला हळदकुंकू लावतात, नारळ वाढवतात आणि दिवसभर रिकामी तरंगू देतात. आवडाबाईने गावाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "नवी नवरी घरात आली की आल्या दिवशी कोन तिला जात्यावर बसवतं काय? मोटार उद्या आपल्या दारी पयल्यांदा येतंय. तिचा मान करायचा. बसायचं मंगलवारपासून." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्र्यंबक मास्तर देशावरचे. त्यांनाही ही रीत मोठी गोड वाटली, आणि ते गप्प राहिले.

मोटार आली आणि थांबली. गावाने एकच जल्लोष केला. आवडाबाईने चाकांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तुळसाने, उभं राहवत नव्हतं तरी, उठून मोटारीला कुंकू लावलं आणि कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली. मग तिने आत वाकून बघितलं. खरंच गादी होती.

"अवो," ती नाथाला हळूच म्हणाली, "मी बसू काय? नाक्यापर्यंत नको. जराशी, हितल्या हितंच."

"आज नाय गो," नाथा म्हणाला. "गुरुवारी. गुरुवारी रानीसारखी बसशील."

साहेब खाली उतरले होते. त्यांच्या हातात वही होती, गळ्यात गावाने घातलेला झेंडूचा हार. त्यांनी गर्दीकडे बघून विचारलं, "कोण कोण चढणार आहे इथून?"

नाथाच पुढे होता. त्याने हात जोडले आणि छाती भरून सांगितलं, "आज कोन नाय चढनार, साहेब. आज तुमचा मान!"

"कोणीच नाही?"

"एकपन नाय!" नाथा म्हणाला, आणि मागे सगळं गाव खुशीने हसलं.

साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं, नारळाची वाटी हातात घेतली आणि मोटार निघून गेली. मंगळवारी ती थांबली नाही. पण मंगळवारी कोणाला जायचंही नव्हतं, मिठाचे आगर भरात होते. बुधवारचंही तेच.

गुरुवारी तुळसा ठेवणीतलं लुगडं नेसून पाटीखाली बसली. नाथाने धुतलेली बंडी घातली होती. मोटार दिसली, नाथाने हात केला, आणि मोटार तशीच निघून गेली.

"नजर चुकली असेल त्याची," नाथा म्हणाला. "दुपारची हाय ना."

दुपारची मोटारही तशीच गेली. तोवर दवाखाना बंद व्हायची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी मास्तर कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसाने कागद न उघडताच सांगितलं, "मंजूर आहे, थांबेल. ड्रायव्हर विसरला असेल." मास्तरांनी निरोप आणला. आवडाबाई म्हणाली, "बांबू उपट, पोरा. आपली कावड बरी." पण अर्ज करून, अंगठे उठवून मिळवलेली मोटार, आणि कचेरीतला माणूस थांबेल म्हणतोय! नाथाने बांबू उपटला नाही. त्याला तरी काय दोष द्यावा?

दुसऱ्या गुरुवारी मात्र तो पाटीखाली उभा राहिला नाही. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मोटार कचकन थांबली. दौलत ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"मरायचंय काय रे?"

"थांबा हाय हितं. ती बघ पाटी."

"थांबा रद्द झाला. तुम्हाला कुणी कळवलं नाही?" दौलतचा आवाज जरा उतरला. "अरे, त्या दिवशी साहेब उतारू मोजायलाच आलेले. दहा तरी चढले पायजेत असा नियम. तुमच्या गावातून एकही चढला नाही. वहीत शून्य लिवलंय. एवढी माणसं जमवलीत आणि एकाला पण बसता नाही आलं?"

नाथाने वळून पाटीकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "आता थांबलास ना. मग हिला तरी घे. तुझ्या पाया पडतू."

दौलतने तुळसाकडे पाहिलं. ती खोकत होती, तोंडाशी धरलेल्या फडक्यावर लाल डाग होता. आतल्या उतारूंनी नाकाला पदर-रुमाल लावले. "इथलं तिकीटच नाय रे माझ्याकडं," दौलत मान खाली घालून म्हणाला. "वाटेत चेकर चढला तर माझी नोकरी जाईल." मोटार नाथाला वळसा घालून निघून गेली.

नाथाने बांबू उपटला. पाटी मातीत पडली, ती त्याने उचलली नाही. आवडाबाईने धावत जाऊन पाट आणला, टोपली आणली. टोपलीतून दोन दगड आणखी काढावे लागले. सहा मैल नाथा पळाला म्हटलं तरी चालेल, आणि तुळसा पाटाचे दोर घट्ट धरून बसली होती.

डॉक्टर घरी जायला निघाले होते, ते परत आत आले. भला माणूस. त्यांनी सुई एकदा घातली, जरा वर दुसऱ्यांदा घातली, तिसऱ्यांदा घातली. तुळसाने ओठ चावला. मग त्यांनी सुई भांड्यात ठेवून दिली.

"जागा बुजली," ते म्हणाले. "मी तुम्हाला सांगितलं होतं. दोन आठवडे होतात कुठे?"

"मोटारीची वाट बघत व्हतू," नाथा म्हणाला.

डॉक्टरांना वाटलं हा माणूस थट्टा करतोय. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दूध द्या, अंडी द्या, विश्रांती द्या, असं म्हणाले. दुसरं म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर ऊन कलायला लागलं. नाथा पुढे बघत चालत होता, आणि पुढे तुळसाचीच पाठ होती. दोन मैल झाल्यावर तो म्हणाला, "मीच बोललू. एकपन नाय, असा मीच बोललू त्याला. माझी जीभ झडली का नाय त्या येळेला!"

"समद्या गावानं मान केला. तुमी एकट्यानं काय केलं?" तुळसा म्हणाली.

"तू बसू काय म्हनलीस."

"म्हनली."

"तवा तुना बसू दिली असती, तर एक तरी झाला असता."

"एकानं काय झालं असतं? दहा लागत व्हते." तिने पदर सारखा केला. "पन बसली असती मी."

यावर नाथाला रडू आलं. दोन्ही हात बांबूला होते, डोळे पुसता येईनात. मागून भोंगा वाजला. तो कावड सांभाळत रस्त्याच्या कडेला गटारापाशी उतरला. मोटार शेजारून गेली. तुळसाने सवयीने मान वळवली.

"रिकामीच चाललीय," ती म्हणाली.

वैशाखात तुळसा गेली. शेवटच्या दिवसांत तिला आत-बाहेर न्यायला पाटही लागला नाही, नाथा तिला हातांवर उचलत असे.

तेराव्याला गावजेवणासाठी अंगणात चूल मांडायची होती. आवडाबाई कोपऱ्यातल्या टोपलीकडे गेली. शेवटच्या फेरीचे सहा दगड टोपलीत तसेच होते. चुलीला चांगले, एकसारखे. तिने त्यातले दोन उचलले.

"आये, ते नको," नाथा ओट्यावरून म्हणाला.

"अरं, तीनच पायजेत. परत ठेवतंय."

"ते नको. ते तिच्या भाराचं हाय."

आवडाबाई दगड हातात घेऊन उभी राहिली. त्या सोमवारी चाकांवर पाणी घालणारे हात ते. तिने एक दगड टोपलीत ठेवला, मग दुसरा ठेवला, आवाज होऊ नये असा. आणि पदर कमरेला खोचून दुसरे दगड आणायला खाडीकडे चालू लागली.