मी आपणहून थांबले नसते

माझं नाव ब्रुयेर. आमच्या माळावर जांभळ्या फुलांची खुरटी झुडपं माजतात, त्यांचंच हे नाव. जन्मले तेव्हा मी काळपट करडी होते. आता वयानं पांढरी झालेय. घोडीला स्वतःबद्दल सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण ऐका, माझं आयुष्य अगदीच चारा-पाण्यात गेलेलं नाही.

दक्षिण फ्रान्समधल्या एका उंच, खडकाळ पठारावर मी जन्मले, तीही मेंढवाड्यात. तबेल्याचं छप्पर वाऱ्यानं उडालं होतं, म्हणून आमच्या मालकानं, गास्तोंनं, माझ्या आईला मेंढ्यांत आणून ठेवलं होतं. त्यामुळे बरेच दिवस मी स्वतःला मेंढीच समजत होते. गास्तोंची मुलगी आलिक्स तेव्हा शाळेत जायची. शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ माझ्याकडे यायची आणि गवतात बसून मला दिवसभराच्या तक्रारी सांगायची. मी तिच्या कोटाची बटणं चघळायचे.

गास्तों मेंढ्या पाळायचा, पण जीव घोड्यांत. शेजारीपाजारी म्हणायचे, "अरे, बसव की कुणाला तरी तिच्यावर!" तो म्हणायचा, "हाडं भरू देत आधी. मला घोडी हवीय, काडेपेटी नको." त्यानं खरंच वाट पाहिली. मग आलिक्सच माझ्या पाठीवर बसली.

आमची शर्यत म्हणजे धूळ उडवत दोन मिनिटांत संपणारी नव्हे. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत डोंगर, ओढे, जंगल तुडवत जायचं. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य छातीला नळी लावतात, ठोके खाली आलेत का बघतात, आतडी नीट चालताहेत ना म्हणून पोट ऐकतात, दुडक्या चालीनं पळवून पायात लंगड आहे का ते पाहतात. पास झालात तर थोडी विश्रांती आणि पुढे, नाहीतर तिथूनच घरी. मला हे सगळं मनापासून आवडायचं. वाट चढू लागली की माझे कान आपोआप पुढे व्हायचे.

माझा एक भाऊ होता, सिरोको. माझ्याहून वेगवान. परदेशातल्या सपाट, भरधाव शर्यतींसाठी त्याला कुणीतरी घेऊन गेलं. पुढच्याच वर्षी बातमी आली की पळता पळता त्याचा पाय मोडला आणि त्याला सुई देऊन कायमचं झोपवावं लागलं. त्या दिवशी गास्तों मेंढवाड्यात येऊन माझ्या मानेवर डोकं टेकून उभा राहिला. "मीच दिला ना त्याला," एवढंच म्हणाला.

तरीसुद्धा स्वप्न काही सुटत नाही माणसाचं. तरुणपणी राष्ट्रीय संघात जायची गास्तोंची संधी थोडक्यात हुकली होती. आता आलिक्सनं जावं, असं त्याला वाटे. आलिक्सलाही वाटे. खोटं कशाला बोलू, तिच्या भिंतीवर संघाच्या निळ्या जाकिटाचा फोटो होता.

त्या वर्षी डोंगरातल्या मोठ्या शर्यतीला निवड समितीच्या मादाम रूकेत स्वतः आल्या होत्या. ऊन सणसणीत होतं. आम्ही अप्रतिम पळालो. शेवटच्या विश्रांतीला पोचलो तेव्हा आमच्या पुढे एकच घोडा होता. गास्तों बाटल्यांमागून बाटल्या माझ्या मानेवर ओतत होता. ठोके झटक्यात खाली आले. पाय ठीक होते. वैद्य ब्रेसाकबाईंनी पोट जरा जास्त वेळ ऐकलं.

"आतड्यांचा आवाज मंद आहे," त्या म्हणाल्या. "नापास करण्याइतका नाही. पण लक्ष ठेव हं, पोरी."

आलिक्सनं बादली पुढे केली. मी तोंड घातलं, पण प्यायले नाही. गाजरं हुंगली आणि सोडली. पोटात काहीतरी आवळून आलं होतं. पण आम्ही कळपात राहणारे जीव. दुखलेलं दाखवलं की मागे पडू, ही भीती आमच्या रक्तात असते. तेवढ्यात पुढचा घोडा निघाला. मी कान टवकारले, खुरानं जमीन उकरली.

"बघ, बघ कशी उतावीळ झालीय!" गास्तों ओरडला. "तिलाच जायचंय! चल, बस लवकर!"

आलिक्सनं माझ्या कुशीला कान लावला. बराच वेळ तशीच राहिली.

"तिला तर जायचंच आहे, बाबा," ती म्हणाली. "म्हणूनच तिला विचारून उपयोग नाही."

आणि तिनं खोगिराचा तंग सोडला.

"वेड लागलंय का तुला? डॉक्टरीणबाईंनी पास केलंय! त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं?"

"नाही कळत. पण ती पाणी पीत नाहीये."

"एकच टप्पा राहिलाय, आलिक्स! मादाम रूकेत तिथे उभ्या आहेत!"

"सिरोको पळत होता तेव्हाही कुणीतरी असंच बघत उभं असेल ना, बाबा."

गास्तोंचा चेहरा एकदम उतरला. त्यानं हातातली बादली लाथेनं उडवली आणि गाड्यांच्या दिशेनं निघून गेला. आलिक्सनं खोगीर उतरवलं. मला तर तिचा रागच आला होता. मी पुढच्या घोड्यामागे खिंकाळत राहिले.

थोड्याच वेळात माझ्या पोटात अशी कळ आली की मी सरळ आडवी झाले. ब्रेसाकबाई धावत आल्या. सुई टोचली, नाकातून नळी घातली. "शेवटच्या चढावर असं झालं असतं तर हिला खाली आणणंही कठीण होतं," त्या आलिक्सला म्हणाल्या. "आता हिला हळूहळू चालवत राहा."

दोर कुणीतरी आलिक्सच्या हातातून घेतला. गास्तों होता.

तो मला मैदानाच्या कडेकडेनं फिरवत राहिला. विजेत्याला टाळ्या पडल्या. तो घोडा ठणठणीत होता, मजेत गवत ओढत होता. गास्तोंनं तिकडे पाहिलंही नाही. "चल गं बाई, चल माझी राणी," एवढंच पुटपुटत होता. ऊन कलता कलता माझं पोट मोकळं झालं आणि मी लीद टाकली.

"टाकली!" गास्तों साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला. "आलिक्स! टाकली गं हिनं!"

टाय बांधलेली माणसं वळून बघू लागली. आलिक्स धावत आली. दोघं त्या लिदेच्या ढिगाशेजारी एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होती, रडत होती. मग गास्तों म्हणाला, "मी तुला पाठवलं असतं, पोरी. खरंच पाठवलं असतं." ती त्याची पाठ थोपटत राहिली.

आलिक्सची निवड झाली नाही. त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. तो फोटो तिनं काढला नाही, कधीकधी त्याच्याकडे बघत उभी राहते. तिला वाईट वाटत नाही, असं मी म्हणणार नाही.

आता माझे गुडघे धरतात. दात झिजलेत, म्हणून आलिक्स चारा भिजवून देते. माझी लेक उद्या पहिल्या लांबच्या शर्यतीला निघालीय. माझ्यासारखीच हट्टी आहे, हुरळून पळेल. तिची मला काळजी नाही, तिच्या पाठीवर कोण बसणार ते मला ठाऊक आहे. काळजी वाटते ती बाकीच्यांची, ज्यांची नावंही मला माहीत नाहीत. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. तुम्ही पाठीवर बसता तेव्हा आमचे पाय आम्ही तुम्हाला देऊन टाकतो. तेवढा वेळ आमचं थकणंही तुमचंच समजा.