जोडीचे गुडघे

माझा गुडघा मंगळवारी बदलला, सुहासिनीचा गुरुवारी. सर्जन एकच, सांधे एकाच कंपनीचे, खोल्याही शेजारशेजारच्या. शारजातल्या आमच्या मराठी मंडळींनी काय थट्टा केली! "लोक जोडीने सत्यनारायणाला बसतात, हेमचंद्रराव जोडीने ऑपरेशनला बसले." मीही हसलो. मला त्याचा अभिमानच वाटत होता, खोटं कशाला बोलू?

त्याला आता चौदा महिने झाले. मी रोज सकाळी बागेत चार किलोमीटर चालतो, जिने चढतो, रोल्लाच्या बाजारातून भाजीच्या पिशव्या उचलून आणतो. आणि सुहासिनी ओट्याशी एका पायावर भार टाकून उभी असते. पोळी लाटता लाटता थांबते, ओठ दाबून धरते, परत लाटायला लागते. झोपताना गुडघ्यावर साधी चादर तिला सोसत नाही.

सगळं तपासून झालं होतं. एक्स-रे काढले, रक्त तपासलं. जंतुसंसर्ग नाही, सांधा सैल नाही. सर्जन म्हणाला, "एकदम परफेक्ट बसलाय." मग दुखतंय कशाला?

मी पस्तीस वर्षं इथल्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळलं. पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग. एकाच लॉटचे दोन पंप साइटवर गेले, एक चालला आणि दुसरा कुरकुरला, तर दोष पंपाचा नसतो, चालवणाऱ्याचा असतो. हे मी भल्याभल्या इंजिनिअरांना तोंडावर सुनावलंय. तोच हिशेब मी घरी लावला. माझा गुडघा चालतो, हिचा का नाही? व्यायाम करत नसणार. घाबरत असणार. मनाने घेतलं असणार.

कोणी घरी आलं की मी खुर्चीचा आधार न घेता उठून-बसून दाखवायचो. "बघा, सत्तराव्या वर्षी! इच्छाशक्ती लागते." सुहासिनी चहाचे कप गोळा करून आत जायची. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मागच्या महिन्यात जेवताना ती पाटावरून नव्हे, चांगल्या डायनिंगच्या खुर्चीवरून उठली आणि "आई गं" म्हणून परत बसली. माझं डोकं फिरलं. "पुरे झाली नाटकं," मी ओरडलो. "दुसरीकडे लक्ष लाव, आपोआप थांबेल." आमच्या मुलाने, निखिलने, मान खाली घातली. आमची नात श्रिया तेरा वर्षांची आहे, तिला मराठी समजते पण ती बोलत नाही. ती ताटावरून उठली. "आजोबा, दॅट्स सो मीन." मी तिलाही गप्प केलं.

त्या दिवसापासून सुहासिनीने दुखतंय म्हणणं बंद केलं. मला वाटलं, बघा, लागू पडलं.

सून वैभवीने मला न विचारता वेदनांच्या डॉक्टरकडे वेळ घेतली. मी मुद्दाम बरोबर गेलो. माझी एकच इच्छा होती: कोणीतरी शिकलेल्या माणसाने हिला समोर बसवून सांगावं की बाई, तुझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

डॉक्टर तहसीन चाळिशीच्या असतील, हैदराबादच्या. फाइल त्यांनी बाजूलाच ठेवली. "अम्मा, आँखें बंद कीजिए," म्हणाल्या, आणि कापसाचा एक बोळा घेऊन सुहासिनीच्या उजव्या गुडघ्यावरून फिरवला. काही नाही. मग डाव्या, ऑपरेशनच्या गुडघ्यावरून. ती खुर्चीतून उडालीच. डोळे मिटलेले, कुठे आणि कशाने हात लागणार ते माहीत नाही, आणि तोंडातून असा आवाज आला की बाहेर बसलेली वैभवी दारात आली.

कापूस होता हो तो. नुसता कापूस. एवढं नाटक कुणाला जमेल?

"सांधा चांगला आहे," डॉक्टर हिंदीत म्हणाल्या, "सर्जननी त्यांचं काम नीट केलंय. पण हाड बदललं, नसा त्याच राहिल्या. त्या नसा आणि त्यांचा निरोप ऐकणारा मेंदू, दोन्ही हळवे झालेत. साधा स्पर्शही त्यांना दुखणं वाटतो. शंभरातल्या दहा-वीस जणांचं असं होतं."

"म्हणजे मनाचंच ना?" मी लगेच म्हणालो. हीच तर संधी होती.

त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "चाचाजी, मनही शरीरातच असतं. झोप मोडली की नसा आणखी चिडतात. भीती असली की स्नायू आवळून बसतात. आणि दुखतंय म्हटल्यावर घरात कुणी खरं मानत नसेल, तर माणूस कायम धास्तीत जगतो. त्यानेही दुखणं वाढतं. पण दुखतं ते खरंच दुखतं."

माझे कान तापले. वैभवी भिंतीकडे बघत होती.

"एक गोष्ट फार महत्त्वाची," डॉक्टरांनी विचारलं. "ऑपरेशनच्या आधी किती वर्षं दुखत होतं?"

"दोन," मी म्हणालो. "दोघांचं बरोबरच सुरू झालं."

"मैंने अम्मा से पूछा है."

सुहासिनीने पदर सारखा केला. "अकरा," ती म्हणाली.

"काहीतरीच काय!" मी म्हणालो. "अकरा? मला कसं माहीत नाही?"

डॉक्टरांनी कागदावर अकरा लिहिलं. इतकी वर्षं दुखणं अंगावर काढलं की नसांना त्याची सवय होते, म्हणाल्या, आणि मग सांधा बदलला तरी ती सुटत नाही. ऑपरेशन वेळेवर झालं असतं तर कदाचित इतका त्रास झाला नसता. नसांचं औषध दिलं, अगदी थोडा थोडा व्यायाम, झोपेचं बघायचं, आणि मोकळेपणी बोलायला एक समुपदेशक. पूर्ण जाईल असं वचन देत नाही, पण कमी होईल, इन्शाल्ला.

वैभवी गाडी आणायला गेली. आम्ही दोघं खाली बाकावर बसलो. मला राहवेना.

"अगं, नऊ वर्षं एकटीच सोसत बसलीस? मला सांगायचं नाही? मी काय वैरी होतो?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"इथल्या डॉक्टरने तेव्हाच बदलायला सांगितला होता. तुमची नोकरी चालू होती. तुम्ही म्हणालात, तू झोपून राहिलीस तर डबा कोण करणार? घर दोनदा कशाला विस्कटायचं? माझाही बदलावा लागेलच कधीतरी, मग एकदमच करू."

असं मी म्हटलं नाही, हे शब्द ओठांवर आले होते. पण म्हटलं होतं. कुठे उभा होतो, शर्टाचं कोणतं बटण लावत होतो, सगळं आठवलं. बोललो आणि ऑफिसला निघून गेलो. ती नऊ वर्षं माझा गुडघा बिघडायची वाट बघत राहिली, आणि मी लोकांना इच्छाशक्तीची भाषणं देत होतो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, ही कुठे ठेवू?

"चुकलंच माझं," मी म्हणालो. आधी एवढे दोनच शब्द आले. "मला शिव्या घाल, सुहास. पण अशी गप्प बसू नकोस."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. तिचा आवाज अगदी साधा होता.

"शिव्या कसल्या घालू? पाप माझ्याही पदरी आहे. तुम्ही पहिल्यांदा जिन्यात गुडघा धरून बसलात ना, मी तुम्हाला हात देऊन वर आणलं, शेकायला पिशवी दिली. आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली."