अंगठ्याची परीक्षा

“काय म्हणाला तुझा डॉक्टर?” आईने चुलीवरची किटली बाजूला सरकवली. मी अजून कोटही काढला नव्हता.

“सांधे वाकवून बघितले. नऊपैकी नऊ मार्क.”

“शाळेत कधी पडले नाहीत ते.”

माझी आई, दोन्या एदुविना, म्हणजे एदुविनाबाई, आमच्या तळ्याकाठच्या गावात हाडं बसवते. इकडे मुलीला सातवं लागलं की पाहुण्यांसमोर तिचा अंगठा दुमडून मनगटाला टेकवून बघतात. टेकला तर तिच्या हातात हाडांची विद्या आहे असं धरतात. मग आजी तिचे हात तेलाने चोळते आणि शिकवणी सुरू होते. आईचा टेकला होता, माझाही. आज माझ्या मुलीचा, मायतेचा वाढदिवस होता; तिला सातवं लागलं होतं. टेबलावर केक होता आणि चुलीशेजारी तेलाची बाटली कोमट होत होती.

“आपले सांधे बांधणारे दोर जन्मतःच सैल आहेत म्हणे,” मी सांगितलं. “अंगठा टेकतो तो त्यामुळेच. विद्या वगैरे काही नाही. आणि माझा खांदा निसटला की उठसूट ओढून बसवायचा नाही.”

“ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. लहानपणापासून कोण बसवत आलं तुझा खांदा?”

“तूच.”

स्वतःच्या अंगठ्यावरची लोकरीची पट्टी चाचपत आईने विचारलं, “आपले म्हणजे, माझेही? रोज संध्याकाळी हा उसवल्यासारखा होतो, तो वयाने नव्हे?”

“नव्हे बहुतेक.”

“मग एक सांग, यास्ना. तुझा खांदा निसटायचा म्हणून मी ओढत होते, की मी ओढत होते म्हणून निसटायचा?”

हे डॉक्टरला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. येताना बसमध्ये मी तिच्यावर चांगलीच चिडले होते. पण तिचा हात लागला की दुखणं थांबायचं, हेही खरं होतं. आता राग धरावा की तिच्या कुशीत शिरावं, काही कळेना. डोक्याचा पार भुगा झाला होता.

“माहीत नाही गं, आई.”

तेवढ्यात मायते धावत आली. “आजी, बघ! आत्तापासूनच टेकतोय. सगळ्यांसमोर दाखवू ना?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

तिने मायतेचा अंगठा हळूच सरळ केला. मग स्वतःच्या अंगठ्यावरची पट्टी सोडली आणि तिच्या अंगठ्याला गुंडाळू लागली. एवढ्याशा बोटाला फार वेढे बसले.

“मी तुझ्यासारखी दिसते,” मायते खूश होऊन म्हणाली.

“हं. पण आज काही टेकवायचं नाही. आज नुसता केक.”

बाहेर पाहुण्यांचा आवाज आला. आईने तेलाची बाटली उचलून फडताळात मागे ठेवली आणि उघडा पडलेला अंगठा दुसऱ्या मुठीत धरून ती दाराकडे गेली.