भिंगरीचं निळं जाकीट

दावा जिंकला तर वकीलबाईंना भरपाईचा पाचवा हिस्सा मिळायचा होता, आणि हरला तर भिंगरीच्या आत्याबाईंची बोलणी. सौदा वाईट नव्हता. त्यातून निम्मं काम आधीच झालेलं. बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला, डॉक्टरांनी घाईघाईने डोकं ओढलं आणि डाव्या हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या, एवढं हॉस्पिटलने कबूल केलं होतं. घोडं अडलं होतं ते नुकसान किती, यावर. चार वर्षांच्या भिंगरीला आज विमा कंपनीचे साहेब स्वतः बघणार आणि आकडा ठरवणार. त्यातूनच तिच्या खांद्याची शस्त्रक्रिया आणि पुढची सगळी फिजिओथेरपी व्हायची होती.

"मास्तर, घरी असते तशीच आणा," वकीलबाईंनी दहादा बजावलं होतं.

मास्तर म्हणजे भिंगरीचे वडील. धंदा शिंप्याचा, आणि हात असा की पोक आलेला माणूस त्यांच्या कोटात ताठ दिसायचा. अशा माणसाला 'तशीच आणा' सांगणं म्हणजे न्हाव्याला 'पोराचे केस विस्कटून पाठव' म्हणण्यासारखं.

भिंगरी आली ती नव्याकोऱ्या निळ्या जाकिटात. डाव्या खांद्यात कापसाची पातळ गादी, बाही कोपराशी किंचित वाकवून कापलेली, पंजा खिशात आणि बाही आतून टाके घालून खिशाच्या कडेला धरलेली. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी ऐटीत खिशात हात घालून हिंडतेय.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "छान आहे की! मला तर काही दिसत नाही बुवा." आणि समोरच्या कागदावर सकाळी लिहिलेला आकडा खोडून त्याच्या निम्मा लिहिला.

वकीलबाईंनी हसतमुखाने पाच मिनिटं मागून घेतली. बाहेर आल्यावर हसू दारातच राहिलं.

"मास्तर, हे काय करून ठेवलंत?"

"चार लोकांत न्यायची म्हणून..."

"त्याला बोलू नका," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या बापाच्या शेवटच्या दुखण्यात यानं असा कोट शिवला होता, की भेटायला आलेली माणसं 'पार्टी कधी देताय' विचारून गेली."

भिंगरीची आई हसली नाही. "अहो, काढा ते टाके."

"सगळ्यांसमोर? पोरीचं प्रदर्शन मांडू?"

"शाळेच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. चढताना धरते. उतरताना तो डावीकडे येतो, मग बसून घसरत येते, ते रोज सगळी शाळा बघते. तिथे तुमचं जाकीट काय करतं?"

मास्तरांनी भिंगरीची कॉलर सारखी केली.

"मीच काढते," वकीलबाईंनी हात पुढे केला.

"माझ्या शिवणीला परका हात लागायचा नाही," मास्तर म्हणाले आणि खिशातून धागे कापायची कातरी काढून आत गेले.

साहेबांच्या टेबलासमोर भिंगरीपुढे गुडघे टेकून ते टाके शोधायला लागले. आपणच घातलेले, पण इतके बारीक की सापडेनात. आत्याबाई पुटपुटल्या, "घ्या, आणखी करा सफाई!" अखेर बाही सुटली, गादी निघाली. हात बाहेर आला आणि नुसता लोंबला, तळवा मागे वळलेला. उजव्यापेक्षा आखूड, त्यामुळे बाहीतून बोटांची टोकंच काय ती दिसत होती.

"हुश्श!" भिंगरीने उजव्या हाताने डावा हात खाजवून घेतला. "किती वेळ खाजत होतं!"

साहेब खाकरले. "बाळ, हा हात वर होतो का गं?"

"होतो की." तिने उजव्या हाताने डावं मनगट धरलं आणि डोक्याच्या वर नेलं. "सोडू?"

"सोड."

तिने सोडलं. हात धपकन खाली पडला. ती खिदळली. घरातला हा तिचा आवडता खेळ होता. "परत दाखवू?"

"नको," साहेब म्हणाले. चष्मा आता मुळीच खराब नव्हता, तरी त्यांनी तो पुसला.

खोडलेला आकडा ते पुन्हा लिहायला गेले, तर वकीलबाईंनी कागद आपल्याकडे ओढला. "तो सकाळचा होता, साहेब. त्यात जिना धरलेला नव्हता." त्यांनी नवा आकडा लिहिला. साहेबांनी घासाघीस केली, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत सही झाली.

तर हिशेब असा मिटला. भरपाई विमा कंपनीने भरली. कंपनी ती हॉस्पिटलच्या वाढीव हप्त्यातून वसूल करणार, आणि हॉस्पिटल पेशंटांच्या बिलातून. वकीलबाईंनी आपला पाचवा हिस्सा घेतला, त्यातून सगळ्यांचं रिक्षाभाडं मात्र आत्याबाईंनी काढून घेतलं. डोकं ओढणाऱ्या डॉक्टरांची दमडीही गेली नाही. मास्तरांना आपली शिवण चारचौघांत उसवावी लागली. आणि भिंगरीने आपला वाटा जन्मतानाच भरून ठेवला होता, कोणी मागायच्या आधी.