आवाजाच्या आडोशाला

जळक्या एरंडेलाचा वास इतरांना लहानपणीच्या जुलाबांची आठवण करून देत असेल. मला मात्र तो आला की आश्विनातलं धुऊन वाळत घातल्यासारखं पिवळं ऊन आठवतं, पोफळींच्या झावळ्यांतून वर चढणारा निळसर धूर आठवतो, आणि त्या धुरात उकिडवे बसलेले, कोपरापर्यंत तेलाने माखलेले माझे यजमान आठवतात. त्या काळच्या मोटारसायकली एरंडेल पीत. यजमान सरकारी रस्त्यांच्या देखरेखीवर होते, म्हणून सारी रत्नागिरी त्यांना ओव्हरसियर म्हणे. मी त्यांना कधीच काही म्हटलं नाही. नुसत्या 'अहो'वर आमचा संसार चालला.

स्वस्थ बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. चहा अर्धा टाकून ते माडांच्या आळ्यात पाणी पोचलं का बघायला जात, येताना कुंपणाची सुटलेली काठी बांधत, आणि चहाची आठवण होईपर्यंत त्यावर साय धरलेली असे. दिवसभर जांभ्याच्या रस्त्यांवरून हिंडून धोतराच्या काठाला तांबडी धूळ घेऊन ते घरी येत, आणि ती झटकता झटकता पुन्हा कुठेतरी निघण्याच्या बेतात असत. ही धडपड आधी उमदी होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांचे कान जाऊ लागले आणि तिची जातच बदलली. मागून कोण आलं हे कळेना, म्हणून ते सारखे वळून पाहत. देवळात कीर्तनाला गेले तरी खांबाला पाठ लावून बसत. बोलणाऱ्याच्या ओठांवर त्यांची नजर अशी खिळे, की नवखा माणूस मिशीला काही लागलं की काय म्हणून तोंड पुसून घेई. बहिरी माणसं मोठ्याने बोलतात असा सगळ्यांचा समज. यांचा आवाज मात्र दिवसेंदिवस हळू होत गेला, इतका की शेवटी तो मलाच कान देऊन ऐकावा लागे.

आमचा संसार म्हणजे मी बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं. माझं माहेर आंजर्ल्याचं, आणि माहेरी आम्ही सगळ्याच तोंडाळ. लग्न होऊन आले तेव्हा हा मुखदुर्बळ माणूस आपल्याच वाट्याला का आला, म्हणून मी रडले होते. पुढे कळलं, की ऐकण्याचंही अंग असावं लागतं आणि ते यांना होतं. कुणाच्या पंक्तीत कोण रुसलं, कुणाचा फणस कुणाच्या हद्दीत पडला आणि त्यावरून कोणाकोणाचं बोलणं तुटलं, असलं काडीचंही महत्त्व नसलेलं सगळं ते मन लावून ऐकत आणि नेमक्या जागी हसत. ते हसू बंद झालं. ओरडून सांगितलं तर त्यांना कळे. पण ओरडून माणूस काय सांगणार? जेवायला चला. पोस्टमन आलाय. सरी येताहेत, लाकडं आत घ्या. ओरडून चहाडी करता येत नाही, ओरडून लाडीगोडी लावता येत नाही, आणि आमच्या दगडी गडग्यापलीकडच्या काशीकाकूंचे कान तर दोघांचे मिळून जेवढे असतील तेवढे तिखट. कुणी एक पाटी आणून दिली, बघा लिहून दाखवा म्हणून. माझं बोलणं त्या पाटीवर मावणारं नव्हतं. मी हळूहळू गप्प झाले, आणि घरात वावरणारी ही मुकी बाई कोण, असं मलाच वाटू लागलं.

त्या वर्षी चैत्रात मुंबईला जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवलं. कानाच्या आतलं बारीक हाड आखडत चाललं आहे, त्याला औषध नाही, एवढं त्याने सांगितलं. आगबोटीने परत आलो, आणि दुसऱ्याच दिवशी यजमानांनी मागीलदारच्या खोपीतून मोटारसायकल ओढून बाहेर काढली.

विलायतेस परत निघालेल्या एका इंजिनियरसाहेबाची ती. बाजूला मडमेला बसण्यासाठी जोडलेल्या डबीसकट त्याने ती यांच्या गळ्यात बांधली होती. पहिली काही वर्षं तिच्यावरून ते रस्त्यांच्या कामांवर जात. मग समुद्राच्या खाऱ्या हवेने तिला खायला सुरुवात केली, एका पावसाळ्यात इंजिन आतल्या आत गंजून धरलं, आणि तेव्हापासून त्या डबीत मी बंबासाठी नारळाची सोडणं साठवत असे. आता ती सोडणं अंगणभर झाली. यजमान रॉकेलच्या चिंध्या घेऊन त्या सांगाड्याला भिडले. गंज खरवडताना दातांवर शहारे आणणारा जो आवाज निघे तो फक्त मला ऐकू येई. काशीकाकू गडग्यावरून डोकावून म्हणाल्या, "अगो, ज्याला ऐकू येत नाही त्याला हा ढोल कशाला हवाय गो?" मी हसले. आत जाऊन मात्र मला रडू आलं, कारण माझंही म्हणणं तेच होतं.

मला त्या यंत्राचा मत्सर वाटे. अगदी सवतीचा वाटावा तसा वाटे, हे आज सांगायला लाजत नाही. त्यांचं उरलंसुरलं सगळं ध्यान त्याने खाल्लं होतं. इंजिन मात्र त्यांच्या हाताला दाद देईना. रत्नागिरीत मोटारी दुरुस्त करणारे होते, पण या जातीच्या जुन्या इंजिनाला हात लावायला कुणी धजेना. मग मुंबईत गिरगावाकडे नुसत्या मोटारसायकलींचंच काम करणारा एक कारखाना असल्याचा पत्ता लागला. इंजिन उतरवून, गवतात गुंडाळून, खोक्यात ठोकून ते आमच्या मांडवी बंदरावरून, बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढवलं, तेव्हा आगबोटी बंद व्हायच्या बेताला आल्या होत्या. बोट जयगडाच्या बाजूला दिसेनाशी होईपर्यंत ते धक्क्यावर उभे होते. कुणी लेक सासरी पाठवताना इतका वेळ उभं राहत नाही.

मग समुद्र बंद झाला. कोकणातला पावसाळा माणसाला घरात कोंडतो आणि घराला पाण्यात. ज्याला एका जागी बसवत नाही त्याच्यासाठी ती शिक्षाच. सांगाडा पडवीत उभा होता, खरवडून काळा रंग दिलेला, मधोमध पोट काढून घेतल्यासारखा पोकळ. त्याच्याभोवती ते फेऱ्या घालत. चाक फिरवणाऱ्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येऊ नये म्हणून त्याला तेल चोळत, पुसत, पुन्हा चोळत. पाऊस जरा उघडला की मला चल म्हणत आणि समुद्रावर नेत, लाटा फुटत तिथे अगदी जवळ उभं करत, माझ्या तोंडाकडे बघत. मी काही बोलले तर वारा ते पळवून नेई. थोड्या वेळाने ते खाली मान घालून परत फिरत आणि आता काय चुकलं ते मला कळत नसे. भाताच्या गिरणीपाशीही मला त्यांनी एकदा असंच थांबवलं होतं. तिथे चार बायका सुपं घेऊन उभ्या. मी पदर सावरून गप्प उभी राहिले. एका दुपारी मात्र सहन झालं नाही. ते पट्टा पुसत होते आणि मी त्यांच्या पाठीला म्हणाले, "माणसाचा आवाज नको झालाय तुम्हाला, लोखंडाचा हवाय." त्यांना काहीतरी जाणवलं असावं. वळून म्हणाले, "काय म्हणालीस?" मी मान हलवली. काही नाही.

गणपती गेले, समुद्र निवळला, आगबोटी सुरू झाल्या आणि इंजिन आलं. त्याच्याबरोबर कारखान्याचा मिस्त्रीही आला. इतकं जुनं इंजिन आपल्या हाताने बसवल्याशिवाय त्याला चैन पडेना. जाडजूड, हसतमुख माणूस. दोघांनी मिळून ते सांगाड्यात बसवलं, नळ्या जोडल्या, पट्टा चढवला, एरंडेल ओतलं. नळीच्या टोकाला एक नवीकोरी, फुगीर नळकांडी होती. तिच्यावर बोटाने टकटक करून मिस्त्री कौतुकाने म्हणाला, "साहेब, हा सायलेन्सर खास तुमच्यासाठी बनवला. एवढं शांत गाव तुमचं. आता कान लावलात तरी चालू आहे का बंद, कळणार नाय."

आणि खरंच कळलं नाही. मिस्त्रीने लाथ मारली, इंजिनाने अंग झाडलं, निळा धूर आला, आणि मग नुसती एक मऊ पुटपुट, मांजर चुलीपाशी घुरघुरावं तेवढी. मला ती ऐकू येत होती. यजमान वाट बघत उभे होते. त्यांनी टाकीवर हात ठेवला, धुराकडे पाहिलं, मिस्त्रीच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग पडवीच्या पायरीवर बसले. हात मांडीवर, नजर जमिनीवर, बोटसुद्धा हलेना. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मी घाबरले.

"मिस्त्री, मला आवाज हवा होता," ते म्हणाले, त्या त्यांच्या हळू आवाजात. मिस्त्री गोंधळला. मग परक्या माणसापुढे, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं: "चैत्रात मुंबईहून येताना बोटीत यंत्राच्या खोलीशेजारी जागा मिळाली होती. रत्नागिरी येईपर्यंत ही बोलत होती. सगळं ऐकू आलं. शब्दन् शब्द. घरी आल्यावर पुन्हा काही नाही. गलबल्यात माझा कान उघडतो. का ते मला ठाऊक नाही. समुद्रावर करून पाहिलं, गिरणीत करून पाहिलं. म्हटलं, हे एक करून बघावं. हिला सांगितलं नव्हतं, आधी आशा लावायची आणि मग..."

मला ती बोट आठवली. यंत्राच्या धडधडाटात आपसूक आवाज चढवून मी रत्नागिरीपर्यंत बडबडले होते आणि ते अधूनमधून हसत होते. मला वाटलं होतं, डॉक्टरने आशा सोडली म्हणून उसनं हसताहेत. सगळा पावसाळा मी ज्या सवतीचा मत्सर केला ती मीच होते.

मिस्त्री भला माणूस. तो पाना घेऊन खाली वाकला आणि स्वतःच्या हाताने केलेली ती सुबक नळकांडी खोलून अंगणात ठेवून दिली. मग त्याने पुन्हा लाथ मारली. काय सांगू तो आवाज! कावळे माडांवरून एकदम उठले, काशीकाकूंच्या गाईने दावं तोडलं, पडवीतली घंगाळं थरथरली. यजमान धडपडत उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "अगो, बोल काहीतरी."

जन्मभर ज्या तोंडाला कधी खळ नव्हती, ते नेमकं तेव्हा कोरडं पडलं. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर सापडेना. शेवटी जे जिभेवर आलं ते मी बोलून गेले, "अहो, तांदूळ निवडायचे राहिलेत."

ते माझ्या ओठांकडे बघत नव्हते. डोळे मिटून उभे होते. "मग निवड हो," ते म्हणाले, "मी कुठे अडवलंय?" आणि हसले, नेमक्या जागी.

पुढे कितीतरी संध्याकाळी त्यांनी मला त्या बाजूच्या डबीत बसवून हातखंब्याच्या रस्त्याला नेलं. नऊवारी नेसून डबीत बसलेली बाई बघून प्रथम गावाच्या भुवया चढल्या, मग उतरल्या. गाडी सुरू झाली की लोक म्हणत, ओव्हरसियरांची बायको बोलायला लागली. बोलत होतेच मी. त्या आवाजाच्या आडोशाला भर रस्त्यात मी त्यांना जे सांगितलं, ते बंद खोलीत सांगायचीही माझी छाती झाली नसती. दोन हातांच्या अंतरावरून चालणाऱ्या माणसाला त्यातलं काही कळत नसे. त्यांची चुळबुळ गेली असं नाही. चहावर साय धरतच राहिली. पण मागे वळून पाहणं थांबलं, निदान त्या रस्त्यावर तरी.

मग कानातलं ते हाडही पुरतं आखडलं, आणि मग ते स्वतःच गेले. मोटारसायकल कुणीतरी घेऊन गेलं. आता घर इतकं निवांत आहे की पोफळीची एक सुपारी पडली तरी ऐकू येते. येणारीजाणारी सांगतात, सांजवात झाली की शांत बसावं, गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलावं, तो ऐकतो. मला ते जमत नाही. बाजाराच्या गर्दीत, एखादी लॉरी घरघरत अंगावरून जाते तेव्हा मी पटकन त्यांच्याशी चार शब्द बोलून घेते. लोकांना वाटतं, म्हातारी स्वतःशीच पुटपुटते. लॉरी लांब जाते, धूळ खाली बसते, आणि मी गप्प होते. शांततेत त्यांना ऐकू येत नसे.